अनधिकृत उद्घाटन

मुंबईत अनधिकृत झोपड्या आहेत, अनधिकृत मजले आहेत, अनधिकृत होर्डिंगं आहेत, अनधिकृत देवळं आहेत. अनधिकृत उद्घाटन मात्र माझ्या ऐकिवात एकच, आणि ते झालं आमच्या डिलाईल रोडला.

त्याचं असं झालं. ३ जुलै २०१८ ला अंधेरीच्या गोखले पुलाचा एक भाग रुळांवर कोसळला आणि त्याबरोबर रेल्वेला आणि महापालिकेला शहरातले सगळे पूल एकदम म्हातारे दिसायला लागले. तपासणी झाली. तीनच आठवड्यांत लोअर परळचा, म्हणजे आमचा डिलाईल पूल वाहनांना बंद झाला आणि पुढे रीतसर उतरवला गेला. जे अधिकृत आहे ते पाडायला या शहराला फारसा वेळ लागत नाही. मग रुळांवरचा तुकडा रेल्वेचा आणि दोन्हीकडचे उतार पालिकेचे, अशी वाटणी ठरली आणि दोन भावांनी वडिलोपार्जित विहीर वाटून घ्यावी तसं काम सुरू झालं. पाच वर्षं. तेवढ्यात करोना येऊन गेला, राज्याने तीन मुख्यमंत्री पाहिले, एका शिवसेनेच्या दोन झाल्या. पुलाच्या दोन बाजू काही एक होईनात.

शेवटी झाल्या. पूल थोडा थोडा उघडत गेला आणि एक मार्गिका तेवढी राहिली. ती तयार दिसत होती, पण उघडत नव्हती. पालिकेचं म्हणणं, किरकोळ कामं बाकी आहेत. विरोधकांचं म्हणणं, पाहुणे बाकी आहेत. १६ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री वरळीचे आमदार आदित्य ठाकरे कार्यकर्त्यांसह आले, अडथळे बाजूला केले आणि मार्गिका सुरू करून टाकली. पालिकेने ती पुन्हा बंद केली आणि ना. म. जोशी मार्ग पोलीस ठाण्यात तक्रार दिली. गुन्हा दाखल झाला. आठवड्याभरात, २३ नोव्हेंबरला, तोच पूल सरकारी हस्ते परत उघडला. पूल पाच वर्षं न उघडल्याचा गुन्हा कुणावर दाखल झाल्याचं ऐकलं नाही.

गुन्हा दाखल झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरातली ही बातमी आमच्या मजल्यावरच्या एका आजोबांनी चष्मा पुसून दोनदा वाचली आणि विचारलं, "अनधिकृत म्हणतायत. मग आता पाडणार का परत?"

लोक हसले. पण आजोबांचं तर्कशास्त्र चुकीचं नव्हतं. गिरणीत घाम गाळण्यात आणि बीडीडी चाळीत राहण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना या शब्दाचा अनुभव आहे. एकशे साठ चौरस फुटांची खोली. तीत गावाकडून येतील तेवढी माणसं. जमिनीवर जागा संपली की माणूस हवेत जातो, म्हणून पोटमाळा. पॅसेजमध्ये पाण्याची पिंपं आणि चपलांचं कपाट. वरच्या मजल्यावर खिडकीला बाहेर फुगवलेली ग्रिल, तिच्यात तुळस, कांदे, सायकल आणि कधीकधी अभ्यासाला बसलेला मुलगा. तळमजल्याची प्रतिभा तर स्वतंत्रच: आधी खिडकीचं दार होतं, मग दाराबाहेर ओटा, ओट्यावर पत्रा, पत्र्याखाली इस्त्रीचं दुकान. हे सगळं वर्षानुवर्षं इतकं हळू वाढतं की झाड वाढल्यासारखं वाटतं, बांधल्यासारखं वाटत नाही.

मग कधीतरी साहेब येतात. कुठल्या खात्याचे ते सांगत नाहीत, आणि आपणही विचारायचं नसतं. साहेब वर बघतात. या वर बघण्याचे प्रकार आमच्या चाळीतलं लहान मूलही ओळखतं. नुसतं बघितलं तर ओळख. वही काढून बघितलं तर चहा. मोजपट्टी काढली तर नुसत्या चहावर भागणार नाही. फोटो काढला तर प्रकरण वरून आलेलं आहे आणि साहेबांच्याही हातात राहिलेलं नाही. अशा वेळी साहेबांनाच खुर्ची द्यावी, पाणी द्यावं, बिचारे घामाघूम असतात. "माझ्यापुरतं मी सांभाळलं असतं हो, पण वरपर्यंत द्यावं लागतं," हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे की हा 'वर' नेमका कितवा मजला, आणि त्याला तरी बांधकाम परवानगी आहे का, असं विचारावंसं वाटतं.

यानंतर येते ती नोटीस. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८, कलम ३५१. इमारत पालिकेच्या अखत्यारीतली असो वा नसो, या रस्त्यावर जन्मलेल्या माणसाला स्वतःचा आधार क्रमांक आठवणार नाही, हे कलम आठवतं. योगायोग असा की लग्नाच्या आहेरातही तीनशे एक्कावन्नचं पाकीट चालतं. त्यामुळे एखाद्याच्या दारावर ३५१ चिकटली की शेजारी हळूच विचारतात, "मग, आहेर किती करायचा ठरला?" कलम ३५४-अ हे त्याचं धाकटं भावंड. ते चालू काम थांबवण्यासाठी आहे. काम चालू असताना ते सहसा पोचत नाही. काम संपलं की 'काम त्वरित थांबवावे' असा आदेश येतो आणि तो शंभर टक्के पाळला जातो.

मुहूर्तांचंही शास्त्र आहे. अनधिकृत मजला शुक्रवारी संध्याकाळी सुरू करावा, सोमवारी कोर्ट उघडेपर्यंत स्लॅब भरलेला असावा. दिवाळीची सुट्टी उत्तम. सर्वांत उत्तम काळ निवडणुकीचा: वॉर्डातले अर्धे कर्मचारी मतदार याद्यांवर, नगरसेवक प्रचारात, आणि पाडापाडीचं नाव काढलं तर उमेदवारच आडवा पडेल. चातुर्मासात लग्नं होत नाहीत, पण आचारसंहितेत मजले होतात.

गंमत अशी की आम्ही ज्या इमारतींत राहून हे उद्योग करतो त्या इमारतींचं घराणंच नामांकित आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. त्याचीच आद्याक्षरं म्हणजे बीडीडी. या खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड इथे मिळून २०७ चाळी उभ्या केल्या. डिलाईल रोडच्या वाट्याला ३२ आल्या. काँक्रीट इतकं पक्कं की भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी मामाला, मग काकाला आणि शेवटी ड्रिलवाल्याला बोलवावं लागतं. चाळी बांधता बांधता हेच खातं बॅकबेला समुद्र बुजवत होतं आणि तिथे पैशांची अशी गळती लागली की वकील के. एफ. नरिमन यांनी खात्याच्या कारभारावर जाहीर आरोपांचा पाऊस पाडला. हार्वे नावाच्या इंजिनिअराने त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली; नरिमन निर्दोष सुटले. पुढे त्याच बाजूला समुद्र बुजवून जी नवी जमीन निघाली तिला नाव दिलं नरिमन पॉइंट. ज्याने भरावाविरुद्ध बोंब मारली त्याचंच नाव भरावाला द्यायचं, ही या शहराची तक्रारदाराला गप्प करण्याची सर्वांत सभ्य पद्धत असावी.

तर घोटाळा आणि बांधकाम यांची सोयरीक आम्हाला नवी नाही. नवीन होतं ते पुढचं, आणि ते समोरच्या फुटपाथवर घडलं.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. भोंगे थांबले. राहिल्या जमिनी. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत एक नियम आला, क्रमांक ५८. सोप्या भाषेत: गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा असेल तर साधारण एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागांसाठी पालिकेला द्या, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला द्या, उरलेल्या तृतीयांशात तुमचं काय ते करा. मालकांना हा हिशेब पटेना. २००१ मध्ये सरकारने नियमात दुरुस्ती केली: वाटणी फक्त जी जमीन आधीपासून मोकळी आहे तिचीच होईल, शेड पाडून जी मोकळी होईल ती धरायची नाही. म्हणजे गिरणीच्या शेडखाली जमीन नसते, असं ठरलं. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये असते म्हणून सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये सरकारची दुरुस्ती कायम ठेवली आणि जमीन पुन्हा नाहीशी झाली.

इथे कुठलंही कलम कुणी मोडलं नाही, हे ध्यानात घ्या. कलमच सरकवलं. ओट्यावर पत्रा टाकणाऱ्या इस्त्रीवाल्याची चूक एवढीच की त्याला नियमावलीत एक शब्द घालून घेता आला नाही. तो बिचारा पत्रा घालत बसला. आमच्या खिडकीतून आज जे टॉवर दिसतात त्यांच्याकडे बघून कुणी साहेब वही काढत नाही, कारण ते कायदेशीर आहेत, आणि मान एवढी वर करायची तर वही हातातून पडेल.

पण टॉवरच्या पायथ्याला जे झालं ते मात्र कायदेशीर नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी फिनिक्स गिरणीच्या आवारात बोलिंग अ‍ॅली आली, तेव्हा साच्यावर काम केलेली माणसं गेटबाहेर उभी राहून विचारत होती की लोकांनी पैसे भरून चेंडूने बाटल्या पाडायच्या म्हणजे नक्की काय. तो पहिला धक्का. मग कमला मिल. तिथे सुताच्या जागी सॉफ्टवेअर येणार होतं. वाटेत सुशी आली. एकामागून एक रेस्टॉरंट, आणि जी मोकळी राहायला हवी त्या गच्चीवर बांबू, ताडपत्री, हुक्का, संगीत. २९ डिसेंबर २०१७ लागलं त्या रात्री तिथे आग लागली आणि चौदा माणसं गेली. त्यांच्याविषयी विनोद करायचा नसतो. विनोद सुरू होतो तो दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी, ३० डिसेंबरला, पालिकेची पथकं बाहेर पडली आणि एका दिवसात शहरातल्या ३१४ ठिकाणी अनधिकृत बांधकामांवर हातोडा पडला. ३१४! आमच्या चाळीत हा आकडा ऐकून काही जण चाट पडले, काही खूश झाले. मला स्वतःला पालिकेच्या स्मरणशक्तीचा आदर वाटला. एका रात्रीत तीनशे चौदा पत्ते शोधून काढणं कुठल्याच माणसाला शक्य नाही, पोस्टमनलाही नाही. म्हणजे यादी होती. ती कुठल्या वहीत होती, त्या वहीत पत्त्यासमोर आणखी काही रकाने होते का, हे विचारण्याइतका मी धीट नाही. पालिकेने पाच अधिकारी निलंबित केले. जी दक्षिण विभागाचं कार्यालय याच ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे आमच्या डिलाईल रोडवर, धनमिल नाक्याला आहे; तिथून कमला मिलपर्यंत चालत जाण्यासारखं आहे. आमच्या तिसऱ्या मजल्यावरची फुगलेली ग्रिल रस्त्यावरून दिसते आणि कमला मिलमधल्या गच्चीवर टाकलेलं छप्पर दिसत नाही, याला भूमिती म्हणत असावेत.

पाडापाडीचा विषय निघाला की आमच्याकडचे जुने लोक खैरनारांचं नाव घेतात. गो. रा. खैरनार, पालिकेचे उपायुक्त. या माणसाने एका मुख्यमंत्र्यांच्या चिरंजीवांच्या हॉटेलला हात लावला, गोळी खाल्ली, दाऊदच्या इमारतीवर बुलडोझर नेला. १९९४ मध्ये त्यांनी मुख्यमंत्री शरद पवारांवर आरोप केले, ट्रकभर पुरावे असल्याचं सांगितलं, आणि ते निलंबित झाले. लोक नाक्यानाक्यावर ट्रकची वाट बघत राहिले. डिलाईल पूल बंद असल्याने तो अडकला म्हणावा तर पूल बंद झाला २०१८ ला. पुरावे आले नाहीत, सरकार मात्र १९९५ मध्ये गेलं. खैरनारांवर आमच्या चाळीचं अतोनात प्रेम होतं. व्याख्यानाला गर्दी, टाळ्या, शिट्ट्या. फक्त त्यांची बदली आमच्या वॉर्डात होऊ नये, अशी सर्वांची मनोमन इच्छा होती.

हल्ली हातोड्याला पक्ष लागला आहे. सप्टेंबर २०२० मध्ये कंगना रनौत यांच्या पाली हिलच्या बंगल्याला पालिकेने नोटीस दिली आणि चोवीस तासांनंतर तोडकाम सुरू केलं. चोवीस तास! आमच्याकडे तुंबलेलं गटार कळवलं तर तक्रार क्रमांक यायला याहून जास्त वेळ लागतो. उच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये ही कारवाई आकसाची ठरवली. दुसरीकडे जुहूला नारायण राणे यांचा 'अधीश' बंगला. पालिकेने तिथलं जादा बांधकाम नियमित करण्याचा अर्ज जून २०२२ च्या सुरुवातीला फेटाळला, त्याच महिन्यात राज्यातलं सरकार बदललं आणि दुसरा अर्ज विचारात घ्यायला तीच पालिका तयार झाली. भिंत तीच, विटा त्याच, फक्त मंत्रालयात खुर्च्या सरकल्या तर बांधकाम नियमित होण्यासारखं दिसू लागलं. उच्च न्यायालयाला मात्र ते तसं दिसलं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने जादा भाग पाडायला सांगितला आणि वर दहा लाखांचा दंड ठोठावला. हातोडा कुणाच्या हातात आहे यावर खिळा ठरतो, एवढं यातून आम्ही शिकलो. आम्हाला ठोकायला कुणी सवडीने येत नाही, हा एक फायदा. आमच्या ग्रिलवर कुणाचा राग नाही.

राग नसला तरी माया पाहिजे, आणि ती मजल्यांच्या संख्येनुसार वाढते. वरळीचं कॅम्पा कोला कंपाऊंड आमच्यापासून फार लांब नाही. परवानगी पाच मजल्यांची. एक इमारत वीस मजल्यांवर गेली, दुसरी सतरावर. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाचच्या वरचं सगळं पाडायला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये पालिकेची यंत्रं आली, फाटक तोडून आत शिरली. फाटकावर एवढ्या पक्षांचे पुढारी की विधानसभेचं कामकाज तिथेच उरकता आलं असतं. इकडे फाटक तुटलं आणि तिकडे न्यायालयाने स्वतःहून स्थगिती दिली. २०१४ च्या जूनमध्ये वरच्या घरांची वीज, पाणी, गॅस तोडले. मजले राहिले. मला त्या रहिवाशांची थट्टा करायची नाही. पैसे त्यांनी भरले आणि मजले चढवणारे केव्हाच उतरून निघून गेले. पण आमच्याकडचा पत्रा काढायला गाडी येते तेव्हा टीव्हीवाले येत नाहीत, हेही खरं. आमचा पत्रा न रडता जातो आणि चार दिवसांनी, न हसता, परत येतो.

खऱ्या अर्थाने मजले तोडून दाखवले ते वॉर्डन रोडच्या 'प्रतिभा'चे. छत्तीस मजल्यांची इमारत. नावाप्रमाणे प्रतिभा होतीच, पण ती भूखंडाच्या आकारात आणि एफएसआयच्या आकड्यांत वापरली गेली होती. वरचे आठ मजले उतरवले. मग उरलेली इमारत कित्येक वर्षं रिकामी उभी राहिली. घर नसलेल्यांच्या शहरात, समुद्राकाठी, माणसांविना अठ्ठावीस मजले. आमच्याकडे एका खोलीत तीन पाळ्यांत झोपणारी माणसं होती त्या काळातली ही गोष्ट आहे.

आता आमच्याही चाळी पडणार आहेत, अधिकृतपणे. एकशे साठच्या बदल्यात पाचशे चौरस फूट. वरळीच्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ ला चाव्या मिळाल्या. इमारती पूर्ण होण्याआधी नावं पूर्ण झाली. डिलाईल रोडच्या चाळींना २०२२ मध्येच राजीव गांधी नगर म्हणायचं ठरलं, वरळीला बाळासाहेब ठाकरे, नायगावला शरद पवार. तेव्हा तीन पक्षांचं सरकार होतं, तिघांना एकेक वसाहत मिळाली. या शहरात इतकी समसमान वाटणी गिरण्यांच्या जमिनीचीही झाली नाही.

मध्यंतरी रहिवाशांच्या बैठकीत घरांचा आराखडा दाखवला. तरुण वास्तुरचनाकार, हातात लेझरचा लाल ठिपका, "हे स्वयंपाकघर, हे स्वतंत्र शौचालय," असं सांगत होता. स्वतंत्र शौचालयाला टाळ्या पडल्या. आयुष्यभर मजल्यावरच्या सामाईक संडासाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांच्या त्या टाळ्या होत्या. ठिपका खिडकीबाहेरच्या छज्ज्यावर आला. मागच्या रांगेतून एक काका उठले.

"हे आत घेता येईल?"

"नाही काका. ते अनधिकृत ठरेल."

"ते ठाऊक आहे हो," काका म्हणाले. "ताबा मिळाल्यावर किती दिवस थांबावं लागतं, ते विचारतोय."